साक्षीदार क्रमांक दोन

माझी पीएच.डी. नेब्रास्कावर आहे. हे वाक्य ऐकून इतक्या लोकांच्या भुवया वर गेलेल्या मी पाहिल्या आहेत, की आता सांगताना मीच आधी हसून घेते. कुंभकोणमच्या मुलींच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी बाई, मद्रासच्या पलीकडे फारशी कधी न गेलेली, बर्फ फक्त सरबताच्या गाडीवर पाहिलेली. तिने अमेरिकेच्या मधोमध असलेल्या एका गवताळ राज्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काय काय बदललं, यावर आयुष्यातली नऊ वर्षं घालवली. आमच्या गल्लीतल्या शेजारीणबाई शेवटपर्यंत नेब्रास्का हे एखाद्या औषधाचं नाव समजत होत्या.

विषय मी निवडला नव्हता. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी नोकरीला लागले तेव्हा एम.ए.च्या मुलींना अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर असे. तो कोणालाच शिकवायचा नव्हता, म्हणून सगळ्यांत नवीन असलेल्या माझ्या गळ्यात पडला. पुढे संशोधनाचं निघालं तेव्हा मला तंजावरच्या मराठ्यांवर काम करायचं होतं. माझे मार्गदर्शक म्हणाले, त्या कागदांवर आधीच चार जण ठाण मांडून बसलेत, ते तुला बस्त्याची गाठसुद्धा सोडू देणार नाहीत. नेब्रास्कावर मात्र या बाजूला कोणी बसलेलं नाही. मद्रासला एका परदेशी ग्रंथालयात त्या राज्याचे जुने अहवाल धूळ खात पडले होते. मी दर सुट्टीत रात्रभर बसने जायची, मावशीकडे राहायची आणि ते अहवाल हाताने उतरवून आणायची.

आणि मी त्यात रमले, हेही खरं. वाळलेल्या गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटांची घरं, पावसात आतून गळणारी. टोळधाड आली की कपड्यांपासून औजारांच्या दांड्यांपर्यंत सगळं कुरतडलं जायचं. रेल्वे आली आणि तिला सरकारने माळच्या माळ बहाल केले. मग तिनेच ते लोकांना विकले, तिनेच धान्य वाहून नेण्याचे दर ठरवले, आणि आमदारांना फुकट प्रवासाचे पास वाटून तेही खिशात घातले. मका इतका स्वस्त झाला की हिवाळ्यात लोक कोळशाऐवजी मकाच चुलीत घालू लागले. हे मी वर्गात सांगितलं. कावेरीच्या काठच्या मुलींना धान्य जाळणं ऐकवेना. एकीने विचारलं, त्यांना पाप लागलं नाही का? मी म्हटलं, ते परीक्षेत विचारत नाहीत.

मग तिथल्या शेतकऱ्यांनी संघटना काढल्या, संघटनांचा पक्ष झाला, बायका गाडीवर उभ्या राहून भाषणं करू लागल्या. मला तो भाग सगळ्यांत आवडायचा. मी स्वतः कधी गाडीवर उभी राहून काही बोलेन अशातली नव्हे. पण दुसऱ्यांच्या धिटाईबद्दल लिहिताना हात चांगला चालतो.

पण माझ्या प्रबंधाचा कणा होता जमिनीचा कायदा. कोणीही यावं, एकशे साठ एकर अडवावेत, त्यावर घर बांधून पाच वर्षं राहावं, कसावं, आणि मग जमीन कचेरीत जाऊन ती आपल्या नावावर करून घ्यावी. एक अट होती. दोन साक्षीदार आणायचे, ज्यांनी शपथेवर सांगायचं की हो, हा माणूस खरंच इथे राहिला, यानेच ही जमीन कसली. झालं. एवढ्या मोठ्या राज्याची वाटणी त्या दोन शेजाऱ्यांच्या जिभेवर उभी होती.

त्या जिभांनी काय काय केलं त्यावर माझं चौथं प्रकरण आहे. चाकांवर बांधलेली एक झोपडी या जमिनीवरून त्या जमिनीवर ओढत नेत, म्हणजे साक्षीदाराला शपथेवर सांगता यावं की मी घर डोळ्यांनी पाहिलं. बारा बाय चौदाचं घर आहे असं लिहून देत, आणि फूट की इंच ते कोणी विचारत नसे; असली खेळण्याएवढी घरंसुद्धा कागदोपत्री राहती होती. गुरांचे मोठे मालक आपल्या गड्यांच्या नावाने जमिनी अडवून एकमेकांना साक्षीदार करत. हे प्रकरण मी भयंकर चिडून लिहिलं होतं. खोट्या साक्षीदारांना मी असं सोलून काढलं होतं की मार्गदर्शकांनी समासात लिहिलं, ‘विशेषणं कमी करा.’ त्या राज्यात आधीपासून राहत असलेल्या, हुसकावून लावलेल्या मूळ लोकांना मात्र मी पहिल्या प्रकरणात दोन पानं दिली होती. त्यावर मार्गदर्शकांनी समासात काही लिहिलं नाही.

आता घरचं.

आम्ही मराठा राजांच्या मागोमाग या मुलखात आलेली माणसं. राजाने आमच्या कुठल्याशा पूर्वजाला इन्नंबूरला जमीन इनाम दिली, असं अप्पा सांगत. राजाने दिली तेव्हा ती कोणाची होती, हे कधी कोणी विचारलं नाही, मीही नाही. पिढ्यापिढ्यांच्या वाटण्यांतून अप्पांच्या वाट्याला पाच एकर उरली. अप्पा म्हणजे माझे वडील. ते तालुका कचेरीतून हेड क्लार्क म्हणून निवृत्त झाले होते आणि जमिनीच्या कायद्यातली एकूण एक पळवाट त्यांना तोंडपाठ होती. आम्ही राहायचो कुंभकोणमला, देवळाच्या मागच्या गल्लीत. शेताला आमचा पाय वर्षातून एकदा लागायचा, तोही बांधावर.

जमीन कसायचा आमचा कूळ. मी त्याला ‘तो’ म्हणते. वयाने माझ्याहून पंचवीसएक वर्षांनी मोठा होता, पण आमच्या घरात त्याला सगळे तसंच म्हणत, आणि आज लिहिताना ‘ते’ करून मला सभ्यपणाचा आव आणायचा नाही. त्याच्या आधी त्याचा बाप कसत होता. सुगी झाली की तो भाताची पोती गाडीतून आणायचा, पोंगलला ऊस आणि हळदीची रोपं आणायचा, केळीचा घड आणायचा. मग घरापुढच्या ओट्यावर, खांबाला टेकून बसायचा. त्याच्यासाठी पितळेचा एक पेला ओट्यावरच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असे. कॉफी आली की तो स्वतःच पेला काढायचा, पिऊन झाली की धुऊन परत ठेवायचा. अप्पांना तो ‘सामी’ म्हणे, मला ‘अम्मा’.

आमची एक सवय इथे सांगायला हवी. आमची मराठी तीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून निघाली आणि इथे येऊन वेगळीच मुरली. पुण्याचे पाहुणे ती ऐकून हसतात, जुन्या पोथीसारखी वाटते म्हणतात. ती आम्ही फक्त घरात बोलतो. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. पण बाहेरसुद्धा एका कामासाठी ती हमखास काढायची: समोरच्याला कळू नये म्हणून. आई असताना रेशमाच्या दुकानात दुकानदाराच्या तोंडावर त्याच्याच जरीची मराठीत उत्तरपूजा करायची आणि वर तमिळमध्ये गोड हसून भाव विचारायची. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईच्या सुनेबद्दल, देवळात गुरुजींच्या पोटाबद्दल, सगळं बिनधास्त. समोर माणूस बसलेला असताना त्याच्याविषयी बोलणं हे आमच्याकडे वाईट समजत नसत, कारण त्याला आपण तिथे धरतच नव्हतो.

ओट्यावर कूळ बसलेला असतानाही तेच. अप्पा मराठीत म्हणायचे की यंदा याने भातात फोल जास्त घातलंय. आई म्हणायची, तोच पेला द्या हो, चुकून आतला नको जायला. त्याची मुलगी दहावीला नापास झाली त्या वर्षी मी स्वतः त्याच्यापासून चार हातांवर उभी राहून म्हटलं होतं की या डोक्यांना कितीही शिकवा, पालथ्या घड्यावर पाणी. आणि मग तमिळमध्ये त्याला म्हटलं होतं, काही हरकत नाही, पुढच्या वेळी होईल.

मधल्या काळात सरकारने कुळांची नावं दप्तरात नोंदवायचा कायदा केला होता. त्या वेळी मी लहान होते, पण अप्पांनी नंतर हा किस्सा इतक्यांदा रंगवून सांगितला की मी तिथे हजर असल्यासारखा आठवतो. कूळ विचारायला आला होता की सामी, सगळे जण कचेरीत नावं नोंदवतायत, मीही जाऊ का? अप्पांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यांनी एरवी कधी ठेवला नसता, आणि म्हणाले, आपल्यात कागद कशाला? तो खूश होऊन परत गेला. भाताची पावती तर त्याला कधीच दिलेली नव्हती. म्हणजे कागदावर पाहाल तर आमच्या जमिनीवर कोणी नव्हतंच. भात आपोआप उगवत होतं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला स्वामीमलैहून येणाऱ्या रस्त्याच्या कडेच्या जमिनींना भाव आला. आमची पाच एकर रस्त्यालगत होती. स्वामीमलैचा पंचधातूच्या मूर्तींचा एक व्यापारी, ज्याच्या मूर्ती आता परदेशात जाऊ लागल्या होत्या, त्याला तिथे मोठी शेड घालायची होती आणि उरलेल्या जागेचे प्लॉट पाडायचे होते. माझ्या भावाला मुंबईत फ्लॅट घ्यायचा होता, त्याची पत्रावर पत्रं येत होती. व्यापारी सगळ्याला तयार होता, फक्त म्हणाला, जमिनीवर कूळ असेल तर मी हात लावणार नाही. कायदा कुळाच्या बाजूने होता. चाळीस वर्षं कसलेल्या माणसाने कचेरीत जाऊन तसं नुसतं सिद्ध केलं असतं, तरी त्याला कोणी हलवू शकलं नसतं.

अप्पांनी मसुदा स्वतः लिहिला. सुंदर अक्षर होतं त्यांचं. मी या जमिनीचा कूळ कधीही नव्हतो. मालकांच्या सांगण्यावरून मजुरीवर देखरेख करत होतो. वय झाल्यामुळे ते काम आता स्वखुशीने सोडत आहे. खाली त्याची सही, आणि तिच्याखाली दोन साक्षीदारांच्या. पहिले साक्षीदार अप्पांचे कचेरीतले जुने मित्र. दुसरी मी. कॉलेजातल्या प्राध्यापिकेची सही असली की कागदाला वजन येतं, असं अप्पांचं म्हणणं होतं. बदल्यात एक एकर तुझ्या नावावर करून देऊ, असं त्यांनी कुळाला तोंडी सांगितलं होतं.

माझा प्रबंध तेव्हा टंकलेखनाला गेला होता.

तो दिवस मला पुरता आठवतो, तरी मी त्यातलं थोडंच सांगणार आहे. सकाळी दहाची वेळ होती. कूळ धुतलेलं धोतर नेसून आला होता आणि खांबाला टेकून बसला होता. मित्र आरामखुर्चीत होते. ते तमिळ, त्यांना मराठी येत नव्हती. अप्पांनी तमिळमध्ये मसुदा भराभर वाचला, कठीण शब्दांवरून घसरत घसरत. कूळ शांतपणे ऐकत होता. माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. नऊ वर्षं मी ज्यांना सोलत होते त्यांच्याच रांगेत अप्पा मला उभं राहायला सांगत होते. मी मराठीत सुरू केलं, अर्थातच मराठीत.

“अप्पा, हें खोटें अहे. चाळीस वर्षें तो नांगर धरला. त्याच्या अगोदर त्याचा बाप. अमी कधीं चिखलांत पाय ठेवलों नाहीं.”

अप्पा हसऱ्या चेहऱ्यानेच म्हणाले, तुझी अमेरिका पुस्तकात ठेव, हे घर आहे. चेहरा हसरा ठेवायचा, म्हणजे समोरच्याला वाटतं हवापाण्याच्या गोष्टी चालल्यात, हेही त्या सवयीतच येतं. मीही चेहरा तसाच ठेवून म्हटलं की निदान तो एक एकर या कागदात लिहा.

“लिहिलें तर द्यावें लागेल,” अप्पा म्हणाले.

मला इतका संताप आला की चेहरा सांभाळायचा राहून गेला. मी म्हटलं, “तर मी सही करणार नाहीं.”

मित्रांनी चमकून पाहिलं. अप्पा उठले, मला आत बोलावलं आणि स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. आत ते काय बोलले ते सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले की हे घरही उद्या भावाच्या नावावर जाणार आहे. लग्न तू केलं नाहीस. माझ्या माघारी तुला या घरात राहायचं असेल तर भावाशी वाकडं घेऊन चालणार नाही. मग माठातलं पाणी प्यायले आणि माझ्याकडे पाहत उभे राहिले. मी छत्तीस वर्षांची होते, मला पगार होता, भाड्याने खोली घेता आली असती. हे सगळं मला तेव्हाही कळत होतं. मी पदर सारखा केला आणि बाहेर आले. मनाशी ठरवलं की एकराचं मी नंतर अप्पांच्या गळी उतरवीन.

कुळाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि तमिळमध्ये विचारलं, अम्मा, तुम्ही शिकलेल्या आहात, तुम्ही सांगा, सही करू? मी म्हटलं, करा. मग मी वाकून माझी सही केली. साक्षीदार क्रमांक दोन. त्यानंतर त्याने पेन हातात घेतलं आणि एकेक अक्षर जुळवत आपलं नाव लिहिलं.

आठ महिन्यांनी माझी तोंडी परीक्षा झाली. परगावाहून आलेले परीक्षक चौथ्या प्रकरणावर बेहद्द खूश होते. त्यांनी विचारलं, देवाधर्माची, साधी माणसं शपथेवर खोटं कशी बोलली असतील? मी घडाघडा उत्तर दिलं. शेजारधर्म असतो, उद्या आपल्यालाही त्यांच्याकडूनच साक्ष हवी असते, सगळेच करत असले की ते कोणाला खोटं वाटेनासं होतं. परीक्षकांनी माझ्या समजुतीच्या परिपक्वतेचं कौतुक केलं. बाहेर येऊन मी सगळ्यांना पेढे वाटले.

जमीन तोवर विकली गेली होती. कुळाला अप्पांनी कापणीपर्यंत राहू दिलं. मग तो एकराचं विचारायला आला, तेव्हा अप्पांनी तमिळमध्ये विचारलं, कुठला एकर? तो पुन्हा आला, पुन्हा तेच. त्याच्या तोंडाला पानं पुसून अप्पा दुपारी शांत झोपले. मी अप्पांशी भांडले का? एकदा जेवताना विषय काढला. त्यांनी ताक मागितलं.

नंतर एक दिवस संध्याकाळी कॉलेज सुटल्यावर मी बस थांब्यावर उभी होते आणि तो समोर आला. कुशलबिशल काही विचारलं नाही. सरळ बोलायला लागला, आणि पहिलं वाक्य संपेपर्यंत मला कळेना की कानाला काय खटकतंय. तो मराठीत बोलत होता. आमच्या मराठीत, त्याच जुन्या वळणाने. ‘अम्मा’सुद्धा म्हटलं नाही, घरात मला जे म्हणतात ते म्हणाला.

“अक्का, तुमी माझ्यापायीं भांडत होत्यांत. मी ऐकलों. सही करणार नाहीं म्हणलांत. मग आंत जाऊन आलांत, आणि सही केलांत. मी समजलों, एकर मिळाला. म्हणून मी सही केलों.”

खोटं कशाला बोलू, पहिली आठवण मला सहीची झालीच नाही. मला आठवलं ते भातातलं फोल, कोनाड्यातला पेला, त्याच्या मुलीचं डोकं. चाळीस वर्षं तो त्या ओट्यावर बसत होता. आम्ही मुलं बोलायला शिकलो तेव्हा तो तिथेच होता. आम्ही जी भाषा ऐकून शिकलो तीच त्यालाही ऐकू येत होती. इतकी साधी गोष्ट आमच्या घरात एकाच्याही डोक्यात आली नव्हती. मग हळूहळू दुसरी गोष्ट लक्षात आली. मी त्या सकाळी गप्प बसले असते तर त्याने कदाचित सही केलीच नसती. कागद वाचून दाखवताना अप्पा घसरत होते ते त्याला समजलं होतं, ‘लिहिलें तर द्यावें लागेल’ हेही समजलं होतं. त्याने अप्पांवर विश्वास ठेवलाच नव्हता. माझ्यावर ठेवला होता. माझ्या त्या फुकटच्या संतापाने त्याला बुडवलं होतं.

मी विचारलं, आता काय करता येईल? माझ्या तोंडून तमिळ आलं. तो म्हणाला की त्याने तालुका कचेरीत अर्ज दिला आहे, चौकशी लागली आहे, गावातले लोक व्यापाऱ्याच्या भीतीने बोलायला तयार नाहीत. मला फक्त एक करायचं होतं.

“त्या दिवशीं अप्पांना जें बोललांत, तेंच कचेरींत तमिळांत बोला. पुरे.”

मी हो म्हटलं. बस आली, मी चढले, खिडकीतून पुन्हा एकदा मान हलवून हो म्हटलं.

पुढचे पंधरा दिवस मी फार उत्साहात होते, हे लिहायला लाज वाटते. मनात भाषण तयार करत होते. नेब्रास्काच्या त्या गाडीवर उभ्या राहणाऱ्या बायका आठवत होत्या. एका शेजाऱ्याने, फक्त एका, खरं सांगितलं असतं तर काय काय वाचलं असतं, असं मी प्रबंधात लिहिलेलं वाक्य मी काढून पुन्हा वाचलं. भाड्याच्या दोन खोल्याही पाहून आले. एकीत नळ नव्हता, दुसरीचा मालक एकट्या बाईला देईना.

अर्ज फेटाळला गेला, हे आधीच सांगून टाकते. त्यात उत्कंठा ठेवण्यासारखं काही नाही.

चौकशीच्या दिवशी तालुका कचेरीतल्या शिपायाने अप्पांना पाहताच खुर्ची आणून दिली. अप्पांनी तिथे तीस वर्षं काढली होती, अर्ध्या टेबलांवरची माणसं त्यांच्या हाताखाली तयार झालेली. अधिकारी मात्र नवीन होता, मदुरैकडचा, तरुण आणि घाईत. कूळ भिंतीशी उभा होता. त्याला खुर्ची देण्याचा प्रश्न कोणाला पडला नाही, आणि मला पडला होता असं म्हणण्याचा मला हक्क नाही, कारण मीही दिलेल्या खुर्चीत बसले होते.

पहिले साक्षीदार, अप्पांचे मित्र, पंखा हलवत सांगून मोकळे झाले की हा माणूस रोजंदारीवर होता, मी अनेकदा पाहिलं आहे. ते इन्नंबूरला कधी गेले नव्हते.

मग मला बोलावलं. अधिकाऱ्याने कागद पुढे केला. ही सही तुमची? मी म्हटलं, हो. मजकूर वाचून सही केलीत? हो. तुम्ही इतिहासाच्या प्राध्यापिका ना? हो. तो लिहीत होता. मी वाट पाहत होते की आता तो विचारेल, जमीन कोण कसत होतं? विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. त्याने विचारलं नाही. त्याने विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी अप्पांकडे पाहिलं. ते माझ्याकडे पाहतच नव्हते. मांडीवरच्या टॉवेलची घडी नीट करत होते, घरी जेवणाआधी करतात तशी. मला नळ नसलेली ती खोली आठवली.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावायला घेतलं.

तेव्हा कूळ भिंतीपासून एक पाऊल पुढे आला. इतका वेळ तो सगळं तमिळमध्ये बोलला होता, सामी, अय्या, म्हणत. आता त्याने सरळ माझ्याकडे पाहिलं आणि भरल्या कचेरीत, मोठ्याने, मराठीत म्हणाला, “बोला, अक्का. तें खोटें अहे म्हणलांत. बोला.”

अप्पांच्या हातातला टॉवेल थांबला. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. चाळीस वर्षांतलं एकेक वाक्य ते मनात आठवून पाहत असणार. टेबलांवरच्या माना वर झाल्या. अधिकारी गोंधळला. त्याने आधी कुळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला विचारलं, ही कुठली भाषा? काय म्हणतोय हा?

कूळ मान हलवत होता, मला धीर द्यावा तसा.

मी तमिळमध्ये सांगितलं, मला ही भाषा येत नाही.